आज कोण आलं नाही?

खेळाचा प्रशिक्षक म्हटलं की आपल्याला पदकं आठवतात. गळ्यात शिट्टी अडकवलेला कडक माणूस आणि त्याच्या हाताखाली घडलेला एखादा नामवंत खेळाडू डोळ्यांसमोर येतो. या प्रकरणातला प्रशिक्षक त्याहून निराळा. त्याच्या मैदानावर चाळीस मुलं येतात. त्यातलं एखादं जिल्हा संघात गेलं तर सगळी वस्ती पेढे वाटते, पण त्याची नेमणूक झालेली असते ती उरलेल्या एकोणचाळीस जणांसाठी. वस्तीतली मुलं-मुली, दिवसभर खुर्चीत बसणारे नोकरदार, मधुमेह झालेले आजोबा, पाठदुखीने हैराण झालेल्या बाया, या सगळ्यांना हलतं ठेवायचं आणि उद्या पुन्हा यावंसं वाटेल असं वातावरण उभं करायचं, हा त्याचा व्यवसाय. नेमणुकीच्या पत्रावर कधी क्रीडा मार्गदर्शक लिहिलेलं असतं, कधी कम्युनिटी कोच, कधी वेलनेस प्रशिक्षक, कधी कार्यक्रम समन्वयक. मोठ्या संस्थेत ही वेगवेगळी माणसं असतात. लहान संस्थेत एकच माणूस सकाळी आजोबांचा वर्ग घेतो, दुपारी निधीचा अहवाल लिहितो आणि संध्याकाळी मुलांसमोर उभा राहतो.

या कामाची निकड किती, ते आकड्यांतून दिसतं. प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम दमणूक होईल अशी हालचाल करावी आणि ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ने २०२४ मध्ये छापलेल्या जागतिक अभ्यासाप्रमाणे भारतातले जवळपास निम्मे प्रौढ एवढी हालचाल करत नाहीत. पुरुषांमध्ये हे प्रमाण ४२ टक्के, तर बायकांमध्ये ५७ टक्के. धुणं-भांडी, पाणी भरणं, कामावर जाणं-येणं हे सगळं मोजूनही आकडा एवढा येतो. व्यायामाचं महत्त्व लोकांना ठाऊक नाही असं मुळीच नाही. अडचण येते ती वेळेची, जागेची, सोबतीची आणि लाजेची. भाषणाने या चारपैकी एकही सुटत नाही, त्यासाठी रोज हजर राहणारं माणूसच लागतं.

महाराष्ट्राला असं माणूस नवं नाही. कोल्हापूर-सांगलीकडच्या तालमीतला वस्ताद डाव शिकवून मोकळा होत नसे. पोरगं पहाटे उठतंय का, जोर-बैठका किती झाल्या, खुराकाचं दूध-तूप घरून सुटतंय की गावात कुणाला तरी शब्द टाकावा लागेल, हौद्यातली लाल माती ताक-तेल-हळद घालून मऊ ठेवली आहे का, जत्रेच्या मैदानात कुणाची जोड कुणाशी लावायची, हे सगळं त्याच्याच डोक्यात असे. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवलं. त्या प्रवासासाठी कराडजवळच्या गोळेश्वर गावात वर्गणी निघाली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. त्या पदकाची गोष्ट सांगताना वर्गणी गोळा करणाऱ्यांचा उल्लेख एका वाक्यात उरकला जातो. या व्यवसायात मात्र तेच मुख्य काम आहे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून हे काम संस्था म्हणून केलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने कबड्डीसह आपले देशी खेळ तिथे करून दाखवले. शरीर कमावणं ही एकट्यादुकट्याची हौस न राहता गावाची व्यवस्था व्हावी, हा विचार आपल्याकडे शंभर वर्षं जुना आहे.

अलीकडची गोष्ट नागपूरची. हिस्लॉप कॉलेजात क्रीडा शिकवणाऱ्या विजय बारसे यांना २००१ साली पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी झोपडपट्टीतली मुलं दिसली. त्यांनी त्या मुलांना चेंडू दिला आणि त्यातून झोपडपट्टी फुटबॉल, म्हणजे आजची ‘स्लम सॉकर’ संस्था, उभी राहिली. २०१६ मध्ये तिला फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला आणि २०२२ मध्ये नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’ या चित्रपटामुळे बारसेंची कहाणी घरोघरी पोचली. मला त्या कहाणीत सगळ्यांत मोलाची वाटते ती पहिलीच गोष्ट. मुलं आधीपासून खेळत होती. खेळाची आवड त्यांच्यात कुणी पेरली नाही. त्यांना मिळाली ती ठरलेली वेळ, ठरलेली जागा, सगळ्यांना सारखे लागू होणारे नियम, आणि त्या वेळेला न चुकता येणारा एक मोठा माणूस. ज्या वस्तीत नळाला पाणी कधी येईल ते सांगता येत नाही आणि वडील कामावरून कधी परततील त्याचाही भरवसा नसतो, तिथे साडेपाच म्हणजे साडेपाचला कुणीतरी हजर असणं ही फार मोठी गोष्ट असते.

आता त्या साडेपाचच्या तासाकडे जवळून पाहू, कारण नव्या प्रशिक्षकाची खरी परीक्षा तिथे होते. समजा, मैदानात २४ मुलं आहेत. प्रशिक्षक त्यांना एका रांगेत उभं करतो. पहिलं मूल चेंडू घेऊन शंकूंमधून जातं, गोल मारतं आणि रांगेच्या शेवटी येऊन थांबतं. बघायला शिस्त छान दिसते, पालकही खूश होतात. आता हिशेब करा. एका पाळीला २० सेकंद लागतात. ४० मिनिटांत १२० पाळ्या होतात, म्हणजे प्रत्येक मुलाच्या वाट्याला पाच पाळ्या. पाच गुणिले वीस, १०० सेकंद. चाळीस मिनिटांच्या सरावात मूल दोन मिनिटंसुद्धा हललं नाही. उरलेल्या वेळात त्याने पुढच्याची टोपी ओढली, मागच्याशी भांडण केलं आणि प्रशिक्षकाचा ओरडा खाल्ला. ‘ही मुलं फार वांड आहेत’ ही तक्रार बहुतेक वेळा अशा रांगेतून जन्माला येते.

त्याच २४ मुलांचे चार-चारचे सहा गट करा. प्रत्येक गटाला एक चेंडू द्या. चेंडू कमी असतील तर दोन गट चेंडूवर, दोन पळापळीवर, दोन दोरीवर ठेवा आणि दर सात मिनिटांनी फिरवा. आता मुलं दमतात, हसतात आणि भांडायला त्यांना सवड उरत नाही. प्रशिक्षकाचं काम मात्र तिपटीने वाढतं. सहा ठिकाणी नजर, सहा ठिकाणी सूचना, आणि कोणत्या गटात कुणाला टाकायचं याचा आदल्या दिवशी केलेला विचार. म्हणूनच चांगला प्रशिक्षक मैदानावर येण्याआधी वहीत अर्धं पान लिहून येतो.

खो-खोलाही हेच लागू आहे, आणि खो-खो आमचा आवडता खेळ असल्यामुळे हे जरा सांभाळून सांगतो. दोन खांब, चुन्याच्या रेषा आणि तीस मुलं एवढ्यावर चालणारा दुसरा इतका चपळ खेळ शोधून सापडणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. त्यात भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. पण नवख्या मुलांना पहिल्याच दिवशी पूर्ण सामना खेळायला लावला तर आठ जण पाटीवर बसून राहतात आणि पळतात मोजकेच. जाणता प्रशिक्षक आधी खो देणं, हूल देणं, खांबाजवळ वळणं, साखळीने पळणं हे सगळं तुकड्यातुकड्याने खेळवतो. पूर्ण सामना शनिवारी, आठवडाभराचं बक्षीस म्हणून.

तास संपतो आणि हजेरीपट उघडतो. इथे या व्यवसायाचं दुसरं अंग सुरू होतं, आणि प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमांत त्याला सगळ्यांत कमी जागा मिळते. आज किती आले हा आकडा अहवालात जातो. आज कोण आलं नाही हा प्रश्न प्रशिक्षकाने स्वतःजवळ ठेवायचा असतो. सलग तीन दिवस तीच चार मुलं नसतील तर त्यामागे काहीतरी कारण असतं. टँकर संध्याकाळी साडेपाचला येऊ लागला असेल. नववीची शिकवणी सुरू झाली असेल. धाकट्या भावाला सांभाळायला घरी कुणी नसेल. अशा वेळी भावालाही घेऊन ये म्हणावं आणि मैदानाच्या कडेला त्याच्यासाठी एक जुना चेंडू ठेवावा, प्रश्न सुटतो. बीडसारख्या जिल्ह्यात दिवाळीच्या सुमाराला अर्धं मैदान रिकामं होतं, कारण आई-वडील ऊसतोडीला निघतात आणि मुलंही त्यांच्याबरोबर जातात. तिथे जून ते मार्च असा सरळ कार्यक्रम आखणाऱ्याने गाव पाहिलेलं नसतं. मुलं जायच्या आधी पावसाळ्यात एक टप्पा पूर्ण करायचा आणि गाळप संपून ती परतली की दुसरा सुरू करायचा, असं कॅलेंडर तिथे लागतं. विदर्भातल्या उन्हाळी शिबिराचंही तसंच. सकाळी सहाला सुरू करून आठला मुलं घरी गेली पाहिजेत, मग निधी देणारा काहीही म्हणो.

मुलींचा हजेरीपट वेगळा वाचावा लागतो. बारा-तेरा वर्षांपर्यंत मैदान गाजवणारी मुलगी अचानक यायची थांबते तेव्हा ‘तिची आवड संपली’ असं लिहून टाकणं सगळ्यांत सोपं. जवळपास स्वच्छतागृह आहे का, कपडे बदलायला जागा आहे का, अंधार पडायच्या आत ती घरी पोचते का, पाळीच्या दिवसांबद्दल बोलता येईल अशी एखादी ताई मैदानावर आहे का, हे आधी पाहावं. मग तिच्या घरी जावं. आईसमोर पदकाचं स्वप्न रंगवण्यात अर्थ नसतो. ‘काकू, सहा वाजता सुटेल, पाच जणी एकत्र येतील, मी कोपऱ्यापर्यंत सोडेन’ या वाक्याने काम होतं. आणि एकदा दिलेला तो शब्द वर्षभर पाळावा लागतो. एक दिवस सव्वासात वाजले की पाचही जणी बंद होतात.

यात तब्येतीची बाजू आलीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्ताची कमतरता आढळली. म्हणजे मैदानावरच्या दहा मुलींपैकी सहा जणी दोन फेऱ्यांत दम लागून बसू शकतात, आणि शिट्टीवाल्याला त्या कामचुकार वाटू शकतात. वेलनेस हा शब्द आपल्याकडे पंचतारांकित रिसॉर्टच्या जाहिरातीत अडकला आहे, पण त्याचा खरा उपयोग इथे आहे. मुलीच्या पापणीचा फिकेपणा दिसला, तिला वारंवार चक्कर आली, तर तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवून हिमोग्लोबिन तपासून घ्यायचं, लोहाच्या गोळ्या शाळेत मिळतात का आणि ती त्या खरंच घेते का ते विचारायचं, आणि तोवर तिचा सराव हलका ठेवायचा. निदान करणं आणि औषध देणं डॉक्टरांचं काम. प्रशिक्षकाने वेळेवर पाहायचं आणि योग्य दारापर्यंत पोचवायचं. ही सीमा ओलांडून गावभर प्रोटीन पावडर विकणारे लोक या क्षेत्राचं फार नुकसान करतात.

वयस्कांच्या वर्गात डोळा आणखी तयार लागतो. हातांची छातीवर घडी घालून, खुर्चीतून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं, ही साधी चाचणी कुठल्याही सोसायटीच्या सभागृहात घेता येते. ६५ ते ६९ वयाच्या बाईला अकरापेक्षा कमी वेळा जमलं तर पडण्याचा धोका वाढलेला समजतात. तिला लांब चालायला लावण्याआधी मांड्या आणि तोल यांचा व्यायाम द्यावा लागतो. इन्शुलिन घेणारे काका उपाशीपोटी आले आहेत का, हे वर्ग सुरू व्हायच्या आधी विचारायचं, खिशात साखर ठेवायची, आणि मधुमेह्यांच्या पायांत चपलेऐवजी बूट आहेत का ते पाहायचं.

मोठ्या माणसांचा कार्यक्रम कसा टिकवावा हे शिकायचं असेल तर हास्य क्लबची सुरुवात अभ्यासावी. १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या एका बागेत पाच जणांना घेऊन पहिला क्लब भरवला. रोज कुणीतरी विनोद सांगायचा आणि सगळ्यांनी हसायचं. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, पाचकळ आणि लोकांना लागतील असे सुरू झाले, आणि माणसं नाराज होऊ लागली. कटारियांनी विनोदच काढून टाकला. हसणं हाच व्यायाम ठरवला, त्याला श्वसनाची आणि योगाची जोड दिली, आणि ती पद्धत जगभर गेली. कार्यक्रम फसायला लागला तेव्हा त्यांनी लोकांना दोष दिला नाही, रचना बदलली. समन्वयकाला याहून चांगला धडा कुठल्या पुस्तकात मिळेल असं मला वाटत नाही.

समन्वयाचं कागदी काम रुक्ष वाटतं, पण ते न जमणारा माणूस मैदान गमावतो. महापालिकेची किंवा शाळेची मैदानाची परवानगी, पालकांचं लेखी संमतिपत्र, प्रथमोपचाराची पेटी, जवळच्या दवाखान्याचा नंबर, विमा, महिन्याचा हिशेब. पैसा बहुधा कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून येतो. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याच्या सरासरीचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि सातव्या परिशिष्टात ग्रामीण, राष्ट्रीय मान्यतेच्या, पॅरालिंपिक व ऑलिंपिक खेळांच्या प्रशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. प्रस्ताव लिहिणाऱ्याने ते परिशिष्ट वाचलेलं असावं. त्याहून महत्त्वाचा कायदा म्हणजे २०१२ चा पोक्सो. मुलाबाबत लैंगिक गुन्हा घडल्याचं कळूनही पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे, आणि त्यात ‘संस्थेचं नाव खराब होईल’ ही सबब चालत नाही. मुलाला एकट्याने बंद खोलीत बोलवायचं नाही, शरीराला हात लावून शिकवायचं असेल तर सगळ्यांसमोर आणि विचारून, चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर मैदानावर दिसेल असा लावायचा. या नियमांबद्दल कुरकुर करणाऱ्याला मी मुलांच्या जवळ काम देणार नाही.

मग या क्षेत्रात यायचं कसं? रस्ते बरेच आहेत. पदवीनंतर दोन वर्षांचा बी. पी. एड. केला की शाळा आणि सरकारी भरतीची दारं उघडतात. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं महाविद्यालय, पुण्यात महाराष्ट्रीय मंडळाचं चंद्रशेखर आगाशे महाविद्यालय अशी नावाजलेली ठिकाणं आपल्याच राज्यात आहेत. एकाच खेळात खोल उतरायचं असेल तर १९६१ मध्ये स्थापन झालेल्या पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची एक वर्षाची पदविका किंवा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम. फुटबॉलमध्ये डी परवान्यापासून सुरुवात करून सी, बी, ए आणि प्रो अशी पायरी चढता येते. ‘खेलो इंडिया’च्या जिल्हा केंद्रांवर माजी खेळाडूंना प्रशिक्षक म्हणून घेतात. सामाजिक संस्थांत तर बरेचदा वस्तीतलाच अठरा-वीस वर्षांचा दादा किंवा ताई आधी स्वयंसेवक होते, मग मानधनावर येते आणि पुढे समन्वयक बनते. १९९९ मध्ये मुंबईत मॅथ्यू स्पेसी यांनी सुरू केलेल्या ‘मॅजिक बस’ या संस्थेने स्थानिक तरुणांना असं पुढे आणण्यावर भर दिला. माझ्या मते प्रमाणपत्र आणि वस्तीची ओळख यांत आधी काय हवं असं विचारलं, तर ओळख. चेंडू कसा थांबवायचा हे दोन महिन्यांत शिकवता येतं. कुणाच्या घरी कोणत्या वेळी जाऊ नये, हे शिकायला वर्षं लागतात.

पैशांबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. सुरुवातीचं मानधन बेताचं असतं, अनेकदा सत्रावर मोजलेलं. करार अकरा महिन्यांचे असतात, आणि निधीचं नूतनीकरण एप्रिलमध्ये अडकलं की पगारही अडकतो. त्यामुळे या वाटेवरचे जाणते लोक दोन आधार ठेवतात: सकाळी सोसायटीतला किंवा कंपनीतला फिटनेस वर्ग, संध्याकाळी वस्तीचं मैदान. संस्थांनी हे गृहीत धरून चालू नये. आठवड्याला शंभर मुलांची जबाबदारी घेणाऱ्या माणसाला भविष्य निर्वाह निधी आणि आजारपणाची रजा मिळालीच पाहिजे. सेवाभावाच्या नावाखाली अर्ध्या पगारात राबवलेला प्रशिक्षक दोन वर्षांत विमा एजंट होतो, आणि त्याच्याबरोबर त्याला ओळखणारी ती सगळी मुलंही मैदानावरून जातात.

बढतीचा एक धोकाही सांगायला हवा. उत्तम प्रशिक्षकाला समन्वयक करतात, उत्तम समन्वयकाला कार्यालयात बसवतात, आणि मग तो दहा मैदानांचे आकडे संगणकावर पाहत राहतो. नोंदणी ३८, सरासरी हजेरी ३१, सगळं हिरवं. प्रत्यक्षात त्या वस्तीत शिकवणीची वेळ बदललेली असते, मोठी मुलं येईनाशी झालेली असतात आणि प्रशिक्षकाने आकडा राखायला लहानग्यांना भरती केलेलं असतं. हे तक्त्यात दिसत नाही. म्हणून नव्या समन्वयकांना माझा आग्रह असतो की कितीही मैदानं हाताखाली आली तरी एक बॅच स्वतःकडे ठेवा, आठवड्यातून तीन दिवस, आणि तिची हजेरी स्वतः घ्या.